कळते, पण वळत नाही
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



'कळते, पण वळत नाही' हा वाक्प्रचार मराठीत बहुधा उपहासाने वापरला जातो. काही मुलांच्या बाबतीत मात्र हे चार शब्द अक्षरशः खरे असतात. त्यांना शब्द ठाऊक असतो, त्याचा अर्थ ठाऊक असतो, तो कोठे योजावा हेही ठाऊक असते. परंतु तो उच्चारण्यासाठी जीभ जशी वळावी लागते, तशी ती वळत नाही. जीभ लुळी नसते, ओठ निर्जीव नसतात, बहुतेकदा ऐकूही नीट येते. उणीव असते ती या अवयवांच्या हालचालींची आखणी करून त्यांना क्रमवार आज्ञा देण्याच्या मेंदूच्या कामात. 'प्रॅक्सिस' या ग्रीक शब्दाचा अर्थ कृती. कृतीची ही आखणी जेथे बिघडते, त्या अवस्थेला 'ॲप्रॅक्सिया' म्हणतात आणि बालपणापासून ती वाणीत दिसली, तर तिला 'चाइल्डहुड ॲप्रॅक्सिया ऑफ स्पीच', म्हणजे बालवयातील वाचिक ॲप्रॅक्सिया, असे नाव आहे.

'पुस्तक' हा साधा शब्द घ्यावा. 'प'साठी ओठ मिटतात, 'उ'साठी त्यांचा चंबू होतो, 'स' आणि 'त' यांसाठी जिभेचे टोक दातांकडे धावते आणि 'क'साठी जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो. हे सारे क्षणार्धात, एकात एक मिसळत घडते. ॲप्रॅक्सिया असलेले मूल तोच शब्द एकदा 'पुतक', एकदा 'तुकत', तर एकदा निराळाच काही उच्चारते. अमेरिकेतील वाक्-भाषा-श्रवणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २००७ मध्ये या अवस्थेची तीन प्रमुख लक्षणे नोंदवली. तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणताना स्वर-व्यंजनांच्या चुका बदलत राहतात. एका ध्वनीवरून दुसऱ्या ध्वनीवर जाताना वाणी अडखळते आणि लांबते. शब्दावरील आघात व वाक्याची लय चुकते. बोबडे बोलणारे मूल सहसा ठरावीक चूक ठरावीक जागी करते. येथे चूकही स्थिर नसते.

या अवस्थेचे प्रमाण हजार मुलांमागे एक ते दोन असल्याचा अंदाज आहे. प्रमाण अल्प वाटते. पण साठ वर्षे चाललेल्या कोणत्याही मोठ्या शाळेच्या जुन्या हजेरीपटांत अशी काही नावे असण्याचा संभव आहे. त्यांच्या प्रगतिपुस्तकांवर कोणता शेरा पडला असेल, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. तोंडी परीक्षेत न बोलणारे मूल 'मंद' ठरते, प्रार्थनेच्या वेळी नुसते ओठ हलवणारे 'आळशी' आणि वर्गबंधूंच्या हसण्याला कंटाळून गप्प बसणारे 'अबोल'. घरी जिभेला वेखंड लावले जाते, 'याचे वडीलही उशिराच बोलले' असा धीर दिला जातो आणि शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात.

या मुलांना बोलते करण्याची विद्या गेल्या काही दशकांत आकाराला आली. ती रुग्णसेवेच्या खोलीतील वाचोपचारतज्ज्ञ, ज्यांना सर्वसाधारणपणे स्पीच थेरपिस्ट म्हटले जाते, आणि प्रयोगशाळेतील संशोधक यांच्या सहकार्यातून घडली. एकाकडे प्रश्न होते, दुसऱ्याकडे मोजमाप. एकाशिवाय दुसरे अपुरे ठरले, हेच या भाषणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे म्युरिएल मोर्ली या वाचोपचारतज्ज्ञ काम करीत होत्या. बालकांच्या वाणीचा विकास व तिचे विकार यांवरील त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. अवयव सशक्त असूनही उच्चाराची हालचाल न साधणाऱ्या मुलांचा विचार त्यात स्वतंत्रपणे आला. उपचार करणाऱ्या व्यक्तीनेच नोंदी ठेवाव्यात, तुलना करावी आणि त्यातून शास्त्र उभे राहावे, याचे ते उत्तम उदाहरण होय.

दुसरे उदाहरण शाळेतले आहे, म्हणून या प्रसंगी विशेष उचित. १९८० च्या दशकात पश्चिम लंडनमधील ब्रेंटफर्ड येथे एका प्राथमिक शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता. एकाच विस्तारित कुटुंबातील अनेक मुले तेथे येत आणि साऱ्यांच्या बोलण्यात सारखीच अडचण होती. एलिझाबेथ ऑगर या तेथील शिक्षिकेने ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून दिली नाही. त्यांनी माहिती जमवली आणि ती लंडनच्या बालआरोग्य संस्थेतील आनुवंशशास्त्रज्ञांपुढे ठेवली. शास्त्रीय वाङ्मयात हे कुटुंब 'केई' या सांकेतिक नावाने ओळखले जाते. त्याच्या तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या व्यक्तींना हा वाग्दोष होता. १९९० मध्ये त्याचे आनुवंशिक स्वरूप प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये सातव्या गुणसूत्रावरील जागा निश्चित झाली. आणि २००१ मध्ये 'फॉक्सपी-२' हे जनुक सापडले. मानवी वाणीशी इतका थेट संबंध दाखवणारे ते पहिले जनुक. जगभर गाजलेल्या या शोधाचे एक टोक एका प्राथमिक शाळेच्या वर्गात आहे, ही गोष्ट शिक्षकांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे.

मात्र येथे एक कठोर सत्यही नोंदवले पाहिजे. हे जनुक सापडल्याने एकाही मुलाला एकही शब्द बोलता आला नाही. ॲप्रॅक्सियाच्या बहुसंख्य मुलांत या जनुकात दोष आढळतही नाही. कारण कळणे निराळे आणि उपाय गवसणे निराळे. उपायासाठी पुन्हा उपचाराच्या टेबलापाशीच यावे लागते.

त्या टेबलापाशी काय घडते? अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडिथ स्ट्रँड यांनी विकसित केलेल्या एका पद्धतीत तज्ज्ञ मुलाच्या समोर बसते. मुलाने तिच्या तोंडाकडे पाहायचे, ऐकायचे आणि तिच्याबरोबर सावकाश उच्चार करायचा. गरज पडल्यास ती बोटांच्या स्पर्शाने ओठांना वा हनुवटीला दिशा देते. सोबतीने म्हणणे साधले की तिचे ऐकून लगेच म्हणायचे. तेही साधले की मध्ये थोडा अवकाश ठेवून म्हणायचे. आधार असा हळूहळू काढून घेतला जातो. जुन्या पाठशाळांतील संथा देण्याच्या रीतीची मराठी मनाला येथे आठवण होईल. पण भेद महत्त्वाचा आहे. संथा घेणाऱ्या शिष्याचे मुख समर्थ असते, त्याला पाठ हवा असतो. या मुलाजवळ शब्द असतो, त्याला मुखाची वाट दाखवावी लागते.

वाणी ही हालचाल असल्याने ती सरावाने येते, आणि तो सराव किती हवा हा प्रश्न संशोधकांनी हाती घेतला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दोन मुलांवर दोन प्रमाणांची तुलना झाली: पंधरा मिनिटांत ३० ते ४० उच्चार, किंवा तेवढ्याच वेळात १०० हून अधिक. अधिक उच्चारांचा लाभ अधिक दिसला. दोन मुलांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. परंतु खेळण्यात व गप्पांत रमलेल्या अर्ध्या तासात मुलाने प्रत्यक्ष किती वेळा तोंड उघडले, हे मोजण्याची सवय अशा अभ्यासांनी लावली.

आता दोन पद्धतींची गोष्ट. लंडनच्या नफील्ड श्रवण व वाचा केंद्रात काम करणाऱ्या तज्ज्ञांनी अनुभवातून एक उपचारक्रम तयार केला. १९८० च्या दशकात तो प्रसिद्ध झाला आणि २००४ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. त्यात चित्रांच्या साहाय्याने आधी सुटे ध्वनी, मग अक्षरे, मग शब्द आणि शेवटी वाक्ये, अशी वीट वीट रचली जाते. अनेक वर्षे हा क्रम वापरात होता. वापरणाऱ्यांचा त्यावर विश्वास होता. पण विश्वास म्हणजे पुरावा नव्हे. मूल सुधारले ते उपचाराने की वाढत्या वयाने, हे नुसत्या अनुभवातून सांगता येत नाही.

दुसरी पद्धत सिडनी विद्यापीठात घडली. तिचे संक्षिप्त नाव 'रेस्ट'. एका अक्षरावरून दुसऱ्यावर वेगाने व सफाईने जाण्याचा सराव हा तिचा गाभा. त्यासाठी अर्थ नसलेले, मुद्दाम बनवलेले तीन अक्षरांचे शब्द वापरतात, कारण खऱ्या शब्दांना मुलाच्या तोंडी आधीच चुकीचे वळण पडलेले असते. एका सत्रात सुमारे १०० प्रयत्न होतात. यातील एक नियम शिक्षकांना नवलाचा वाटेल. सरावाच्या टप्प्यात प्रत्येक उच्चारानंतर 'बरोबर' किंवा 'चूक' सांगायचे नाही. सुमारे निम्म्या प्रयत्नांनंतरच सांगायचे आणि तेही काही सेकंद थांबून. त्या थांबण्यात मूल स्वतःचा उच्चार स्वतः तपासू लागते. हालचाली शिकण्याच्या शास्त्रातून आलेले हे तत्त्व आहे. वरचेवर मिळणारी शाबासकी त्या क्षणी उत्साह देते. शिकलेले टिकवते ती स्वतःची पारख.

२०१५ मध्ये एलिझाबेथ मरी, ट्रिशिया मॅककेब आणि किरी बॅलर्ड या सिडनीच्या संशोधिकांनी या दोन पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. त्या तिघीही वाचोपचाराच्या क्षेत्रातल्याच. चार ते बारा वर्षांची २६ मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली गेली. प्रत्येकाला आठवड्यातून चार दिवस, तीन आठवडे, एक-एक तासाची बारा सत्रे मिळाली. दोन्ही गटांतील मुलांच्या वाणीत सुधारणा झाली. उपचार संपल्यानंतरच्या चार महिन्यांत 'रेस्ट'ने मिळवलेला लाभ अधिक टिकून राहिला. लंडनच्या तज्ज्ञांनी अनुभवाने घडवलेल्या क्रमाला या अभ्यासाने प्रथमच भक्कम पुराव्याचा आधार दिला आणि सिडनीच्या नव्या पद्धतीलाही. कोणत्याही मुलाला उपचारावाचून ठेवून ही तुलना केली नव्हती, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु समाधान मानण्यापूर्वी पुढची गोष्ट ऐकावी. वैद्यकीय पुराव्यांचे काटेकोर परीक्षण करणाऱ्या 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ मध्ये या विकारावरील उपचारांचा आढावा प्रसिद्ध केला. यादृच्छिक विभागणीच्या निकषाला उतरलेला अभ्यास जगभरातून एकच निघाला, तो हाच २६ मुलांचा. अन्य अभ्यास होते, पण बहुधा एकेका मुलावरचे वा मूठभर मुलांवरचे. आज एखादी जाहिरात 'शंभर टक्के खात्री' देते, तेव्हा पालकांनी हा आकडा आठवावा.

त्या पुढील प्रश्न पुन्हा उपचार करणाऱ्यांच्या दैनंदिन अडचणींतून आले. आठवड्यातून चार दिवस मुलाला आणणे किती कुटुंबांना परवडते? म्हणून सिडनीच्या गटाने तीच बारा सत्रे आठवड्यातून दोनदा, सहा आठवड्यांत विभागून चार मुलांवर पाहिली. मुलांनी शिकवलेल्या शब्दांत प्रगती केली. तज्ज्ञ जवळ नसेल तर? २०१६ मध्ये पाच मुलांना संगणकाच्या पडद्यावरून तोच उपचार दिला गेला आणि तोही लाभदायक ठरला. निम्मी सत्रे पालकांनी घेतली तर? याचे उत्तर मात्र तितके सुखद नव्हते. तज्ज्ञाने घेतलेल्या सत्रांइतके खात्रीचे फळ मिळाले नाही. हा निष्कर्षही तितकाच मोलाचा. रात्री थकून घरी आलेल्या आईने 'माझ्याच सरावात कमी पडले' म्हणून स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. हे काम खरोखरच कौशल्याचे आहे. घरचा सराव हवाच, पण तो तज्ज्ञाने आखून दिलेला, थोडका आणि नियमित.

संशोधनाने काही रूढ समजुतींनाही हात घातला. शिट्टी वाजवणे, मेणबत्तीवर फुंकर घालणे, जीभ नाकाला लावण्याचा प्रयत्न करणे असे व्यायाम अनेक ठिकाणी दिले जातात. त्यांनी उच्चार सुधारतो याला पुरेसा आधार आढळलेला नाही. बोलणे बोलण्यानेच सुधारते. याउलट हातवारे, चित्रांचे तक्ते किंवा बोलणारे यंत्र दिल्याने मूल बोलण्याचा आळस करील, ही भीती निराधार आहे. मनातले सांगण्याचा मार्ग मिळालेले मूल कमी चिडते, अधिक शिकते आणि वाणीचे प्रयत्नही सोडत नाही.

या साऱ्या वाटचालीत पालकांचा वाटा केवळ फीपुरता नव्हता. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे २००० मध्ये पालकांच्या पुढाकाराने या विकारासाठी एक संघटना उभी राहिली. २००२ मध्ये या विषयावर संशोधकांची परिषद भरली, तीही या संघटनेच्याच पुढाकाराने. कोणता प्रश्न आधी सोडवला पाहिजे, हे ठरवण्यात मुलांच्या आईबापांचा आवाज अशा रीतीने मिसळला.

मराठी शाळेच्या व्यासपीठावर पुढचा प्रश्न अटळ आहे. मराठी बोलणाऱ्या मुलांचे काय? इंग्रजीसाठी बनवलेली कसोटी भाषांतर करून मराठीला लावता येत नाही. इंग्रजीत शब्दाच्या कोणत्या भागावर जोर पडतो यावरून काही वेळा अर्थ बदलतो. म्हणून तेथे आघाताची चूक हे ठळक लक्षण ठरते. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. लयीतील बिघाड येथे निराळ्या खुणांवरून ओळखावा लागेल. उलट मराठीची स्वतःची अवघड वळणे आहेत. 'काल' आणि 'काळ', 'ताक' आणि 'टाक', 'पळ' आणि 'फळ' यांत जिभेच्या वा श्वासाच्या एका बारीक फरकाने अर्थ पालटतो. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' लिहिण्यात एक असला, तरी उच्चारात दोन आहेत. शिवाय मराठी शब्द प्रत्ययांनी लांबत जातो: घर, घरात, घरातल्या, घरातल्यांना. शब्द लांबला की या मुलांची अडचण वाढते. मग मूल 'घरात'ऐवजी नुसते 'घर' म्हणून थांबते आणि 'याचे व्याकरण कच्चे आहे' असा समज होतो. कच्चे व्याकरण नव्हे; तो प्रत्यय जिभेला न पेललेला असतो. कोणत्या वयाचे मराठी मूल कोणता वर्ण साधते, कोणती चूक त्या वयाला साजेशी आणि कोणती काळजीची, हे माप मराठी मुलांवरूनच घ्यावे लागते. ते घेणार कोण? मराठी जाणणारे वाचोपचारतज्ज्ञ आणि मोजमापाची शिस्त जाणणारे संशोधक, दोघे मिळून.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाच्या कानावर घरी एक भाषा, अंगणात दुसरी आणि पुस्तकांत तिसरी पडते. अशा मुलाला बोलण्यात अडचण आली की पहिला सल्ला मिळतो, 'घरची भाषा बंद करा.' एकाहून अधिक भाषा ऐकल्याने ॲप्रॅक्सिया होत नाही. घरची भाषा तोडल्याने तो बराही होत नाही. तुटतो तो आजी-आजोबांशी असलेला मुलाचा संवाद. उलट वाग्दोष असलेल्या दोन स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषक मुलांवरील एका अभ्यासात उपचाराचा लाभ दोन्ही भाषांत पोहोचलेला दिसला.

भारतात या सहकार्यासाठी आवश्यक पाया आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ मध्ये आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. उपचार, अध्यापन आणि संशोधन ही तिन्ही कामे तेथे एका छताखाली चालतात. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. त्यानुसार नोंदणी असलेल्या तज्ज्ञाकडेच मुलाला न्यावे, ही पालकांसाठी पहिली खबरदारी.

दुसरी गोष्ट एका वहीची. उपचार सुरू होण्यापूर्वी मुलाला न जमणाऱ्या शब्दांची यादी करावी. त्यातील निम्मे शब्द शिकवण्यासाठी घ्यावेत, निम्मे तसेच ठेवावेत आणि ठरावीक दिवसांनी दोन्ही तपासून नोंदवावेत. शिकवलेले शब्द सुधारले आणि न शिकवलेले जागीच राहिले, तर उपचाराने काम केले. दोन्ही सारखेच सुधारले, तर लाभ नव्या शब्दांपर्यंत पोहोचला असेल किंवा वयाचा वाटा असेल. तज्ज्ञ त्याचा शोध घेईल. कोणतेच सुधारले नाहीत, तर पद्धत बदलण्याची वेळ आली. एका मुलावर चालणाऱ्या शास्त्रीय अभ्यासाचा गाभा इतकाच आहे. अशा दहा तज्ज्ञांच्या, शंभर मुलांच्या वह्या पालकांच्या संमतीने एखाद्या संशोधकाच्या हाती आल्या, तर मराठीतील उपचाराला मराठीतला पुरावा मिळू लागेल. मूल मात्र कोणाचाही 'नमुना' नव्हे. त्याची ओळख गुप्त राहिली पाहिजे, अभ्यासातून केव्हाही बाहेर पडण्याची मुभा हवी आणि नकार दिला म्हणून उपचारात खंड पडता कामा नये.

शाळेचे कर्तव्यही येथेच सुरू होते. ॲप्रॅक्सिया असलेल्या मुलांना पुढे वाचन-लेखनातही अडचणी येण्याचा धोका अधिक असतो, असे त्यांचा शालेय वयापर्यंत मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून वाणी सुधारली तरी वर्गशिक्षकांचे लक्ष सुटू नये. तोंडी परीक्षेत उत्तर दाखवण्याची वा लिहिण्याची मोकळीक द्यावी. उत्तराची वाट पाहावी. वाक्य मध्येच पुरे करू नये. ज्या शिक्षिकेच्या लक्षात एका कुटुंबातील मुलांचे सारखे अडखळणे आले, तिच्यापाशी कोणतेही यंत्र नव्हते. तिने फक्त नीट ऐकले आणि ऐकलेले योग्य ठिकाणी पोहोचवले.

साठ वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेल्यांत डॉक्टर आहेत, अध्यापक आहेत, भाषेचे अभ्यासक आहेत आणि आता पालक झालेले विद्यार्थीही आहेत. मराठी मुलांच्या वाणीचे माप घेण्याचे काम यांपैकी कोणालाही परके नाही. ज्या मुलांना सारे कळते, त्यांची जीभही वळावी, यासाठी जाणत्या माणसांनी एकत्र बसण्याची गरज आहे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने तेवढा एक संकल्प झाला, तर प्रगतिपुस्तकावरील 'अबोल' हा शेरा लिहिण्यापूर्वी पुढील पिढीतील शिक्षकाची लेखणी क्षणभर थांबेल.